निलंबनाने रुग्णालये सुरक्षित होत नाहीत

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात अर्भकांच्या विशेष दक्षता कक्षाला आग लागली आणि दहा बालके दगावली. साऱ्या देशात हळहळ व्यक्त झाली. चौकशी समिती नेमली गेली, जिल्हा शल्यचिकित्सकांसह काहींना निलंबित करण्यात आले, ज्या परिचारिका कंत्राटी होत्या त्यांची सेवा समाप्त करण्यात आली आणि राज्यातील सर्व रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचे आदेश निघाले. यानंतर दहाच महिन्यांनी, ६ नोव्हेंबर २०२१ रोजी, तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता कक्षाला आग लागली आणि त्या दिवशी अकरा रुग्ण मृत्युमुखी पडले. पुन्हा समिती, पुन्हा निलंबन; या खेपेस एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका यांना अटकही झाली.

पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावल्याचे उघड झाले. त्यांतील बारा नवजात अर्भके होती. तेथे आग नव्हती, स्फोट नव्हता. खाटांच्या मानाने फार अधिक रुग्ण, शेवटच्या घटकेला अन्य ठिकाणांहून पाठवलेली बालके, अपुरे मनुष्यबळ, औषधांसाठी नातेवाइकांच्या हाती दिली जाणारी चिठ्ठी, असे नित्याचेच चित्र होते. या प्रसंगी लोकप्रतिनिधींचा प्रतिसाद काय झाला? एका खासदाराने छायाचित्रकारांसमक्ष रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावले. पुढे त्या अधिष्ठात्यांवर गुन्हाही नोंदवला गेला. शौचालय अस्वच्छ होते, याविषयी शंका नाही. परंतु सफाई कामगारांची पदे किती मंजूर, किती भरलेली आणि ती भरण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारला नाही.

या तिन्ही घटनांत एक समान सूत्र आहे आणि त्याचा विचार समाजवादी कार्यकर्त्यांनी गंभीरपणे केला पाहिजे. दुर्घटना घडते, लोकक्षोभ उसळतो, शासन तळच्या पायरीवरील चार-दोन माणसांना शिक्षा करते, क्षोभ ओसरतो आणि ज्या परिस्थितीतून दुर्घटना घडली ती परिस्थिती जशीच्या तशी राहते. शिक्षा हा या व्यवहारात सुधारणेचा पर्याय बनला आहे. तो शासनाला स्वस्त पडतो. विजेच्या जुन्या तारा बदलायच्या तर पैसा लागतो, परिचारिकांची पदे भरायची तर दरमहा वेतन लागते. निलंबनाच्या आदेशाला केवळ एक कागद लागतो.

हा प्रश्न किती मोठा आहे, हे आकड्यांवरून ध्यानात येईल. आरोग्यसेवेच्या गुणवत्तेसंबंधी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २०१६ या एका वर्षात भारतात सुमारे १६ लाख माणसे निकृष्ट उपचारांमुळे मरण पावली. उपचार मुळीच न मिळाल्यामुळे मेलेल्यांची संख्या सुमारे ८ लाख ३८ हजार होती. म्हणजे रुग्णालयाच्या दारापर्यंत न पोहोचल्यामुळे जितके मरतात, त्यांच्या जवळजवळ दुप्पट माणसे उपचारांपर्यंत पोहोचूनही ते सदोष असल्यामुळे मरतात. हे अर्थातच अंदाज आहेत. परंतु त्यांची दिशा निःसंदिग्ध आहे.

ही स्थिती एका अर्थाने आपल्या चळवळीच्या यशातून पुढे आलेली आहे. १९४६ च्या भोर समितीने पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारांपासून वंचित राहता कामा नये, हे तत्त्व मांडले. त्याच्या आधारे गावोगाव प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि तालुक्यागणिक ग्रामीण रुग्णालये यांची मागणी लोकांनी लावून धरली. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आणि जननी सुरक्षा योजना आल्या. २००५-०६ च्या पाहणीत देशातील अवघी ३८.७ टक्के बाळंतपणे रुग्णालयांत वा आरोग्य केंद्रांत होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण ८८.६ टक्क्यांवर गेले. हा बदल सामान्य नव्हे. जी शेतमजूर स्त्री घरच्या अंधाऱ्या खोलीत बाळंत होत असे ती आज सरकारी रुग्णालयात येते, ती सरकारच्या शब्दावर विश्वास ठेवून. तेथे तिला एका खाटेवर दुसऱ्या बाळंतिणीसोबत झोपावे लागत असेल आणि रात्रपाळीला साऱ्या वॉर्डासाठी एकच परिचारिका असेल, तर तो विश्वासघात ठरतो. दरवाजा उघडून घेण्याचा लढा जेथे जिंकला गेला आहे, तेथे दरवाजाच्या आत काय घडते याचा लढा आता हाती घेणे क्रमप्राप्त आहे.

येथे एक आक्षेप हमखास पुढे येईल. गुणवत्ता हवी तर खासगी रुग्णालयांकडे पाहा, सरकारने विम्याचा हप्ता भरावा आणि रुग्णाला हवे तेथे जाऊ द्यावे, असे आज मोठ्या प्रतिष्ठेने सांगितले जाते. अर्थशास्त्राचा साधा विद्यार्थीही या युक्तिवादातील दोष दाखवू शकेल. केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ सालीच दाखवून दिले की वैद्यकीय सेवेचा बाजार हा भाजी-धान्याच्या बाजारासारखा नसतो. येथे ग्राहकाला आपण काय विकत घेतो आहोत हे कळत नाही, विकणाऱ्याला कळते. रुग्णाला मिळालेली शस्त्रक्रिया आवश्यक होती की अनावश्यक, हे बरे झाल्यावरही त्याला उमगत नाही. त्याला दिसतो तो गुळगुळीत फरशीचा दिवाणखाना आणि वातानुकूलित खोली. म्हणून बाजारातील स्पर्धा दिखाऊ गुणांची होते, खऱ्या सुरक्षिततेची होत नाही. शिवाय २३ एप्रिल २०२१ रोजी विरार येथील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता कक्षाला लागलेल्या आगीतही रुग्णांचे बळी गेले. आग मालकी हक्काचा कागद पाहून लागत नाही.

तथापि, सेवा सार्वजनिक मालकीची झाली म्हणजे ती आपोआप सुरक्षित होते, असे मानणेही चूक ठरेल. या बाबतीत ब्रिटनचा अनुभव आपल्याला फार उपयोगी आहे. ५ जुलै १९४८ रोजी मजूर पक्षाचे आरोग्यमंत्री अन्युरिन बेव्हन यांनी तेथे राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली. कोणाही नागरिकाला उपचारांच्या वेळी खिशात हात घालावा लागू नये, हे तिचे तत्त्व जगभरच्या समाजवाद्यांना आदर्श वाटत आले आणि ते रास्तच होते. परंतु याच सेवेतील स्टॅफर्ड येथील रुग्णालयात २००५ ते २००९ या काळात रुग्णांची भयानक हेळसांड झाली. वृद्ध रुग्ण मळलेल्या अंथरुणात तासन् तास पडून राहिले. काहींना पाणी द्यायलाही कोणी नव्हते. नातेवाइकांनी तक्रारी केल्या, परंतु कागदोपत्री सर्व उद्दिष्टे पूर्ण होत असल्यामुळे वरिष्ठांनी त्या ऐकल्या नाहीत. रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या अध्यक्षतेखालील सार्वजनिक चौकशीचा अहवाल फेब्रुवारी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात २९० शिफारशी होत्या. रुग्णालयाच्या व्यवस्थापनाला आर्थिक स्वायत्तता देणारा दर्जा मिळवायचा होता. त्यासाठी खर्च कमी करून दाखवायचा होता. खर्च कमी करण्यासाठी परिचारिकांची संख्या घटवली गेली. सेवा सार्वजनिक होती, पण तिचे मोजमाप हिशेबनिसाच्या वहीतून होत होते.

या चौकशीनंतर ब्रिटिश सरकारने डोनाल्ड बर्विक या अमेरिकन वैद्याला सल्ला विचारला. त्यांच्या ऑगस्ट २०१३ च्या अहवालाचा सारांश असा की, बहुतांश चुका वाईट माणसांमुळे घडत नाहीत, त्या वाईट रचनेत अडकलेल्या सामान्य माणसांच्या हातून घडतात. आणि जेथे भय असते तेथे कोणीही खरे बोलत नाही, म्हणून तेथे काहीच सुधारत नाही. पुढे २०१४ मध्ये इंग्लंडमध्ये कायद्याने असे बंधन घातले गेले की, उपचारांत गंभीर चूक झाली तर रुग्णालयाने ती रुग्णाला वा नातेवाइकांना स्वतःहून सांगितली पाहिजे. हा कायदा झाल्याने तेथील सारे दोष संपले, असे नाही. पण सत्य दडवणे हा गुन्हा आणि सत्य सांगणे हे कर्तव्य, अशी मांडणी झाली. आपल्याकडे नेमके उलटे आहे. चूक सांगणाऱ्याची नोकरी जाते आणि दडवणाऱ्याची शाबूत राहते.

भयापोटी घाईने ठेवलेला ठपका किती दिशाभूल करतो, याचे एक उदाहरण आपल्या मुंबईशीच निगडित आहे. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगप्रतिबंधक लस तयार केली, हे सर्वश्रुत आहे. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल या गावी ती लस टोचलेल्या एकोणीस जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. सर्वांना लस एकाच बाटलीतून दिली गेली होती. सरकारी चौकशीने दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. पुढे १९०७ पर्यंत शास्त्रज्ञांनी पुरावे मांडत झगडा केला, तेव्हा कोठे हाफकिन निर्दोष ठरले. त्या बाटलीचे बूच उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. म्हणजे धोका प्रयोगशाळेत नव्हता, लस टोचण्याच्या जागी होता. आणि जोपर्यंत सारे जण प्रयोगशाळेकडे बोट दाखवत होते तोपर्यंत त्या धोक्याकडे कोणाचेच लक्ष जाणे शक्य नव्हते. चुकीच्या माणसाला शिक्षा झाली की अन्याय एकावर होतो. धोका मात्र सर्वांसाठी कायम राहतो.

याचा अर्थ कोणालाच शिक्षा होऊ नये, असा मुळीच नाही. पैशाच्या लोभाने विष विकणारा आणि त्याकडे काणाडोळा करणारा अधिकारी हे चुकीचे नव्हे, गुन्ह्याचे धनी आहेत. १९८६ च्या प्रारंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीन दिल्यामुळे १४ रुग्ण दगावले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने हा प्रश्न एखाद्या परिचारिकेवर संपवला नाही. खरेदी कशी झाली, पुरवठादाराची निवड कोणी केली, औषध प्रशासनाने तपासणी का टाळली आणि मंत्र्यांचा हस्तक्षेप कोठवर पोहोचला होता, अशी साखळीची एकेक कडी त्यांनी उलगडून दाखवली. चौकशी कशी असावी, याचा तो वस्तुपाठ आहे. खेदाची गोष्ट ही की अहवालाचा धडा राष्ट्राने घेतला नाही. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याचे औषध घेतलेली वीसहून अधिक बालके मरण पावली. त्यांतील अनेकांना अखेरच्या उपचारांसाठी नागपूरला आणले होते. औषधात तेच द्रव्य निघाले. जवळजवळ चाळीस वर्षांनंतर तेच विष! आणि पहिली अटक झाली ती औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरला. कारखान्याच्या मालकाची पाळी नंतर आली. कारखान्याची पाहणी न करणारे तमिळनाडूतील औषध निरीक्षक निलंबित झाले. परंतु अशा निरीक्षकांच्या हाताखाली किती कारखाने आहेत आणि किती प्रयोगशाळा, हा प्रश्न त्या निलंबनाने सुटला नाही.

मग मागणी कशाची करावयाची? आमच्या मते चार गोष्टी अगत्याच्या आहेत.

पहिली गोष्ट चौकशीच्या स्वातंत्र्याची. रेल्वेचा अपघात झाला तर त्याची चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात आणि हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या कक्षेत असतात. गाड्या चालवणाऱ्यानेच अपघाताचा निवाडा करू नये, हे तत्त्व आपल्या देशाने १९४१ पासून मान्य केले आहे. मग रुग्णालय चालवणाऱ्या खात्यानेच रुग्णालयातील मृत्यूंची चौकशी का करावी? राज्य पातळीवर स्वतंत्र रुग्णसुरक्षा आयोग असावा, त्याचे अहवाल विधिमंडळापुढे ठेवणे बंधनकारक असावे आणि त्याची कक्षा सरकारी व खासगी अशा दोन्ही रुग्णालयांना व्यापणारी असावी.

दुसरी गोष्ट निर्भय नोंदीची. केरळमध्ये २००४ पासून प्रसूतितज्ज्ञांची संघटना राज्य शासनाच्या सहकार्याने प्रत्येक मातामृत्यूचा गोपनीय आढावा घेते. आई कोण, डॉक्टर कोण, रुग्णालय कोणते, हे जाहीर होत नाही. मृत्यू का झाला आणि तो कसा टळला असता, हे मात्र प्रसिद्ध केले जाते. २०१८-२० च्या गणनेनुसार देशात दर लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावत होत्या, केरळात १९. केरळचे यश केवळ या आढाव्याचे नव्हे. त्यामागे साक्षरता, स्त्रीशिक्षण आणि दीर्घ काळ झालेला सार्वजनिक खर्च आहे. परंतु इतके यश मिळूनही तेथील वैद्य उरलेल्या मृत्यूंचा शोध घेत राहतात, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. फार खर्चाची नसलेली साधनेही उपलब्ध आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर मोठ्याने वाचायची एकोणीस बाबींची यादी तयार केली. दिल्लीसह जगातील आठ शहरांत तिचा वापर केल्यावर शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. मात्र त्या यादीचा आत्मा हा की, कनिष्ठ परिचारिकेने वरिष्ठ शल्यविशारदाला थांबवून प्रश्न विचारायचा. आपल्या उतरंडीच्या समाजात हीच गोष्ट सर्वांत अवघड आहे आणि म्हणूनच ती लोकशाहीच्या लढ्याचा भाग आहे.

तिसरी गोष्ट माणसांची आणि पैशांची. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे अभिवचन दिले होते. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार तो १.८४ टक्के होता, आणि एकूण आरोग्यखर्चातील ३९.४ टक्के वाटा लोक स्वतःच्या खिशातून उचलत होते. ज्या परिचारिकेची नेमणूक अकरा महिन्यांची आहे, तिच्याकडून कक्षातील सदोष उपकरणाविरुद्ध लेखी तक्रारीची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? कायम नोकरी हा केवळ कामगाराच्या हिताचा प्रश्न नाही. खरे बोलण्याचे धैर्य देणारी ती रुग्णाची सुरक्षाव्यवस्था आहे. रुग्णालयातील कामगार संघटनांनीही आपल्या मागणीपत्रकात वेतनाच्या बरोबरीने दर पाळीला किती रुग्णांमागे किती परिचारिका असाव्यात, ही मागणी अग्रभागी ठेवली पाहिजे. औषधखरेदीचेही तसेच. तमिळनाडूने १९९४ मध्ये वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापून खरेदी एकहाती केली आणि आलेल्या औषधांचे नमुने तपासल्यावरच ते वाटण्याची पद्धत बसवली. महाराष्ट्रात २०१७ मध्ये ही खरेदी हाफकिन महामंडळाकडे गेली, २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला. पाटी बदलली, वॉर्डातील चिठ्ठी बंद झाली की नाही, हीच तिची खरी कसोटी होय.

चौथी गोष्ट लोकांच्या देखरेखीची. महाराष्ट्रात २००७ पासून आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचा प्रयोग झाला. गावकऱ्यांनी आरोग्य केंद्रांची प्रगतिपुस्तके तयार केली, जनसुनवाईत अधिकाऱ्यांना उत्तरे द्यावी लागली, कित्येक ठिकाणी बंद पडलेल्या सेवा सुरू झाल्या. हा प्रयोग ज्यांनी चालवला त्यांत आपले अनेक सहकारी होते. त्याची व्याप्ती जिल्हा रुग्णालयांपर्यंत आणि वैद्यकीय महाविद्यालयांपर्यंत न्यावी लागेल. तपासणीची तारीख आधी कळवून भिंतींना रंग देऊन घेणारी गुणांकने पुष्कळ झाली. मध्यरात्री दोन वाजता वॉर्डात काय स्थिती असते, हे तेथे जमिनीवर सतरंजी पसरून झोपलेल्या नातेवाइकाइतके कोणालाच ठाऊक नसते. त्याची साक्ष अहवालात आली पाहिजे.

प्रत्येक तालुक्यातील आपल्या कार्यकर्त्यांनी एक काम ताबडतोब हाती घ्यावे. आपल्या ग्रामीण वा जिल्हा रुग्णालयात जाऊन मंजूर पदे आणि भरलेली पदे यांची माहिती माहितीच्या अधिकारात मागावी. रुग्ण कल्याण समितीची शेवटची बैठक केव्हा झाली आणि तीत काय ठरले, ते विचारावे. अग्निसुरक्षेच्या तपासणीचा अहवाल आणि त्यातील किती त्रुटी दूर झाल्या, हे मागावे. गेल्या वर्षभरातील माता व बालमृत्यूंचा आढावा घेतला गेला काय, याची विचारणा करावी. हे करताना तेथील डॉक्टर, परिचारिका आणि सफाई कामगार यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. ते आपले साक्षीदार आहेत. त्यांच्याशी बोलल्याशिवाय आत काय चालले आहे, हे कळणार नाही.

दुर्घटना घडली की मोर्चा काढणे सोपे असते, आणि ते आवश्यकही आहे. परंतु ज्या मोर्चाची मागणी केवळ 'दोषींना निलंबित करा' एवढीच असते, तो मोर्चा शासनाला हवा तो सुटकेचा मार्ग स्वतःच दाखवून देतो. यापुढे आपल्या मोर्चांनी रिक्त पदांचा आकडा, तपासणी अहवालाची प्रत आणि सुधारणेची तारीख मागावी. भंडाऱ्याच्या त्या दहा मातांना शासनाकडून ज्या उत्तराचा हक्क आहे, ते उत्तर याच मागण्यांतून मिळू शकेल.